बारीक तार

"हिच्यातपण धार नाय," धाकू म्हणाला आणि त्याने तिसरी गिटार काउंटरवर आडवी ठेवली.

गोपीनाथने अँप्लिफायरची वायर पुन्हा एकदा काढून घुसवली. ठाण्यात पंधरा वर्षं तो हे वाद्यांचं दुकान चालवत होता, पण असं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं. तीन गिटारी, तिन्हींना तारेचा सूर अँप्लिफायरपर्यंत नेणारा चांगला पिकअप, आणि हा माणूस प्रत्येकीची सगळ्यात बारीक तार छेडून नाक मुरडत होता.

मंजुळा मात्र जाम खूश होती. गेल्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगला तिने मैत्रिणीची साधी गिटार माइकसमोर धरून वाजवलेली. तिसऱ्या रांगेच्या मागे कुणाला सूर ऐकूच गेले नाहीत, नुसती हिची बोटं हलताना दिसली. यंदा पिकअपवालीच हवी होती, तीही शनिवारच्या आत. आणि निवडायला बाबा बरोबर होता, मग काळजी कसली?

"काका, तुम्हाला माहीत नाही," ती गोपीनाथकडे वळून म्हणाली. "आंबिवलीपासून माजिवड्यापर्यंत कुणाच्याही हळदीला जा, बँजो माझ्या बाबाचाच. त्याला पिकअपपण तो स्वतःच बसवतो. बाबाच्या कानाला कोण फसवणार?"

"तोंड इकडं करून बोल," धाकू म्हणाला. "पुटपुटतेस काय?"

"काकांशी बोलतेय."

"कुणाशीपण बोल. समोर बघून बोलायचं."

हा त्याचा घरातला नियमच होता. मंजुळाने गोपीनाथकडे बघून डोळे फिरवले.

"मला विचाराल तर ही मधली एकदम स्वच्छ आहे," गोपीनाथ म्हणाला. मंजुळालाही मधलीच आवडलेली. तिची बारीक तार खाडीवर ऊन पडावं तशी लख्ख वाजत होती. पण बाबाचा कान म्हणजे बाबाचा कान.

धाकूने मधली गिटार अँप्लिफायरला जोडली आणि बारीक सूर चढवणारं ट्रेबलचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. तार छेडताच गोपीनाथने कानांवर हात दाबले. शोकेसच्या काचा किणकिणल्या.

"आता जराशी कळते," धाकू म्हणाला. "पण बटण इतकं पिळायला लागतं, तर पिकअप कसला हा? चल मंजू, इथला माल नको."

"बाबा, शनिवार आलाय रे."

धाकूने तिच्याकडे पाहिलं आणि तो विरघळला. "बरं. शेवटचं बघतो. ते अँप बंद करा. नुसतं लाकूड ऐकू दे मना. लाकूडच मेलेलं असेल तर पिकअप बिचारा काय करील?"

तो दारापर्यंत गेला, दुकानाकडे पाठ केली आणि डोळे मिटून उभा राहिला. "बारीक तार. एकदम उंच सूर लाव," त्याने तिथूनच सांगितलं.

दुपारची वेळ होती. रस्ता पेंगत होता. मंजुळाने मधली गिटार मांडीवर घेतली, दांडीवर अगदी खाली बोट ठेवलं आणि तार छेडली. सूर दुकानभर पसरला. तिने परत छेडली, यावेळी नखाने. गोपीनाथ मान डोलवायला लागला.

धाकू तसाच उभा होता.

"वाजव ना," तो म्हणाला.

तार अजून थरथरत होती.

गोपीनाथची मान डोलायची थांबली. मंजुळाचं बोट जागीच राहिलं. "वाजवली ना, बाबा," ती त्याच्या पाठीला म्हणाली.

"झोपलीस काय गं? संध्याकाळी माजिवड्याला हळद हाय. मना पोचायचंय."

तिला हळदीच्या टेम्पोतली बाबाची जागा दिसली. दोन्ही बाजूंना लाउडस्पीकरचे दोन कर्णे आणि मध्ये बाबा, ती जन्मली त्याच्याही आधीपासून. गेल्या महिन्यात ढोलकीवाला तानाजी म्हणालेला, "धाकूभाऊ, हल्ली तुझा बँजो कानाला चावतो." सगळे हसलेले. सगळ्यात जास्त मंजुळाच हसलेली.

गोपीनाथ काहीतरी बोलणार होता. तिने हात वर करून त्याला थांबवलं. माल खराबच आहे म्हणून निघून जाता आलं असतं. गिटार गेली असती, आणि बाबा संध्याकाळी पुन्हा त्या दोन कर्ण्यांच्या मध्ये जाऊन बसला असता.

ती उठली आणि गिटार घेऊन त्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, मांडवात ऐकतोस तसं ऐक."

ढोलांच्या गदारोळात स्वतःचा बँजो ऐकू येईना झाला की धाकू त्याच्या लाकडावर हनुवटी टेकवायचा आणि तसाच सूर लावायचा. ही युक्ती त्यानेच तिला शिकवलेली.

तो हसला. "इथं कुठं ढोल वाजतायत?"

"टेकव ना."

पोरीची हौस म्हणून तो वाकला आणि त्याने गिटारीच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. मंजुळाने तीच तार छेडली. तोच सूर.

धाकूच्या भुवया वर गेल्या. "हाय की गं," तो म्हणाला. "लय गोड हाय. हीच घे."

त्याने मान वर केली. मंजुळा छेडतच राहिली. तिचं बोट तारेवरून जात होतं, हे त्याला नुसतं दिसत होतं. त्याने परत हनुवटी टेकवली. मग उचलली. मग परत टेकवली.

त्याच्या तोंडावरचं हसू अजून तिथेच होतं, पण आता ते तिथे विसरून राहिल्यासारखं वाटत होतं.

मग त्याने सावकाश मान फिरवून दुकानभर पाहिलं, दाराबाहेर रस्त्यावरही पाहिलं, कुठे ढोल वाजतायत का ते.