पहिल्या मिनिटाचा उजेड

"थांबा ताई, पुसून देतो," म्हणत ट्यूबवाल्या काकांनी नाइट व्हिजन गॉगलच्या रबरी वाट्यांत हाऽऽ करून वाफ सोडली आणि शर्टाच्या टोकाने त्या चोळल्या.

तो शर्ट सकाळपासून काकांच्या पोटावर घाम पीत होता. तपासनीस ताई पाऊलभर मागे सरकल्या. त्या वाट्यांना आधीच तीन पाळ्यांच्या लोकांचा घाम, कुणाच्या तरी डोक्याचं तेल आणि भुवईचा एक परका केस चिकटलेला होता. आता वरून काकांचा कांदा.

ताईंनी स्पिरिटचा कापूस काढला. एकदा पुसलं, दोनदा पुसलं. कापूस पिवळा निघाला. तिसऱ्यांदा पुसायचा धीर झाला नाही. न जाणो, खाली आणखी काय निघायचं!

"तुम्हाला मागून सगळे स्पिरिटताई म्हणतात," काका म्हणाले. "मी नाही म्हणत हं."

काम तसं साधं. बचावकार्याच्या हेलिकॉप्टरच्या केबिनमध्ये काकांच्या कारखान्यातली दिव्याची ट्यूब बसणार होती. रात्री पायलट हाच गॉगल घालून उडवतो. ट्यूब थंड असते तेव्हा पहिलं मिनिटभर तिच्यातला वायू असा उजेड टाकतो, की उघड्या डोळ्याला पत्ता लागत नाही, पण गॉगलमध्ये नुसतं धुकं माजतं. समोरचा डोंगरही दिसेनासा होतो. म्हणून अंधाऱ्या खोलीत ट्यूब लावून, गॉगलमधून भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायचा. वाचता आला तर पास.

काकांची ट्यूब दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली की कंत्राट हातचं जाणार आणि कारखान्याला कुलूप.

"या खेपेला ट्यूबवरचा फिल्टर नवा आहे ताई. पुतणीने महिनाभर डोकं खाल्लं माझं. काका, हा निळा नको, तो निळा. मी काय, कुठेही खपेन हो. पण कारखान्यात बाकीचे पाच जण आहेत..."

बोलता बोलता त्यांनी पेन्सिलीने कान कोरला आणि तीच पेन्सिल नोंदीसाठी पुढे केली.

"माझ्याकडे आहे," ताई ओठ न उघडता म्हणाल्या.

दिवे मालवले. खोलीला मोज्यांचा वास होता, तो अंधारात दुप्पट झाला. ताईंनी श्वास रोखून गॉगल चढवला. वाट्या गालांना चिकटल्या. अजून कोमट होत्या.

"लावू?"

"लावा."

खट्ट.

"पहिलं मिनिट," ताई सराईतपणे बोलू लागल्या. "डाव्या कोपऱ्यातून धुकं. वरच्या तीन ओळी ठीक. चौथी पुसट. पाचवी गेली."

"गेली?"

"साफ गेली. काका, मलाही वाईट वाटतं, पण माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. जे दिसलं ते लिहायचं, त्यात आपपरभाव नाही. नापास."

मग काकांनी जोरात नाक ओढलं.

"ताई," ते चाचरत म्हणाले, "ट्यूब पेटलीच नाहीये अजून. स्टार्टर माझ्या खिशातच राहिला."

सहा वर्षांच्या नोकरीत त्या गॉगलमागे ताईंनी पहिल्यांदाच डोळे उघडले.