दुधाचा ब्रश

"हे केस कशाचे?" सरकारी तपासनिसानं सूनबाईला विचारलं.

बेकरीत एवढी एकच वस्तू तिच्या नजरेतून सुटली होती. तेल बदललं, लोणी बदललं, इसेन्स नवा आणला. सरकारच्या नव्या हलाल धोरणानं नुसते नाकी नऊ आणले होते. मंत्री टीव्हीवर सांगून मोकळे, की हलाल मालात आपला देश जगात पहिला येणार. शेजारचा देश केव्हाच पुढे निघून गेला, ते मात्र बेकरीवाल्यांनी निस्तरायचं! हलालचा शिक्का मिळाला तर परदेशची ऑर्डर, नाहीतर भट्टीला कुलूप. आणि घोडं अडलं कुठे, तर सासऱ्यांच्या हातातल्या ब्रशवर. बिस्किटांवर दूध फिरवायचा तो जुना, लाकडी मुठीचा ब्रश. काखेत कळसा म्हणतात तो हा.

तपासनिसानं एक केस उपटून उजेडात धरला, मग लायटरवर जाळला. केस जळल्याचा वास आला.

"नायलॉन असतं तर वितळलं असतं," तो कंटाळून म्हणाला. "आणि टोकं फाटलेली बघा. डुकराचे आहेत. जुने चांगले ब्रश त्याचेच असायचे. सकाळपासून तिसरी बेकरी ही."

सूनबाईनं ओढणीनं डोळे पुसले.

"रडू नका हो. ब्रश टाका, ट्रे नीट धुऊन घ्या, नायलॉनचा आणा. उद्या येऊन सही करतो. आपण एकमेकांना नापास करत बसलो तर शेजाऱ्यांचं फावतंच आहे."

"बाबा, ऐकलंत ना? सुटलो आपण!"

म्हातारा नळाखाली हात धूत होता. धुऊन झाले, तरी परत साबण लावला.

"आजोबा, तुम्हाला कुठे माहीत होतं?" तपासनीस मऊ आवाजात म्हणाला. "नकळत झालं त्याचं पाप लागत नाही."

"ते मलाही कळतं," म्हातारा म्हणाला. नळ त्यानं बंद केला नाही. "हिची सासू कुणाकडे साधा चहा प्यायची तरी आधी दहा प्रश्न विचारायची. लोक हसायचे तिला. न विचारता खायची ती फक्त माझ्या हातचं."