निवळलेला तलाव

गळाच्या दोरीवरचा ज्वारीच्या धांड्याचा तुकडा पाण्यावर थरथरला, तशी दयारामनं काठी ओढली. गळ पुन्हा रिकामाच वर आला.

“मासा नाही वं, माझाच हात हालते,” तो शेजारी बसलेल्या बायकोला म्हणाला. दरवर्षी दसऱ्याला तलाव निवळला की टोपलीभर मरळ आणणारा माणूस. यंदाच्या आजारानं त्याच्या हातांत कंप शिरला होता. “चल घरी.”

शेवंता उठली नाही. उलट जवळ सरकली आणि काठी धरलेल्या त्याच्या हातावर तिनं आपला हात घट्ट ठेवला. समोरच्या काठावर बाया धुणं धूत होत्या.

“लोक पाहतेत वं.”

“पाहू द्या.”

धांडा हळूहळू स्थिरावला. मग एकदम बुडाला.

“लागला! ओढा ना!”

ओढायचं तर तिचा हात सुटला असता. दयारामनं मासा जाऊ दिला.