खात्री केलेली बरी

हॅमिल्टनमध्ये मेणबत्त्यांचं दुकान चालवणाऱ्या हॅलोरनने घरून डिझाइनची कामं करणाऱ्या ट्रेसाकडून नवी लेबलं करून घेतली आणि बिल मात्र तीन आठवडे अडवून ठेवलं. बिलात तेरा टक्के विक्रीकर लावलेला होता, तोच त्याच्या डोळ्यांत खुपत होता.

"तुझा कर-क्रमांक आधी सरकारी साइटवर तपासणार, मगच चेक," तो फोनवर म्हणाला. "हल्ली कोणीही घरी बसून काम करतं, कर लावतं आणि खिशात घालतं. तू तसली नाहीस गं, पण खात्री केलेली बरी. धंदा करायचा तर शिकून घे."

शुक्रवारपर्यंत फी भरली नाही, तर पाळणाघरातली तिच्या बाळाची जागा जाणार होती. ट्रेसाने राग गिळून क्रमांक पाठवला. मग, शिकायचंच तर नीट शिकावं म्हणून ती साइट स्वतः उघडून पाहिली. तिचा क्रमांक लगेच सापडला. सहज म्हणून तिने हॅलोरनच्या दुकानातून पूर्वी घेतलेल्या मेणबत्तीच्या पावतीवरचा क्रमांकही टाकून पाहिला. एकदा, दोनदा, तीनदा.

तिने फोन लावला. "मिस्टर हॅलोरन, तुमच्या पावतीवरच्या क्रमांकाची तिथे नोंदच नाही. मग प्रत्येक मेणबत्तीवर गिऱ्हाइकाकडून घेता तो तेरा टक्के कर जातो कुठे हो?"




"घरीच आहेस ना? चेक घेऊन निघालोच मी. येताना बाळासाठी काय आणू?"