समोरून ऐकणारं माणूस

"मावशी, बाहेर जा," पालाकिको म्हणाला. "तारा लावतोय."

ओशिरो मावशी स्वतःच्याच गिटारींच्या दुकानातून अकराव्यांदा बाहेर गेल्या. पाठोपाठ दोन गिऱ्हाइकंही गेली. पालाकिकोच्या घराण्याची तारांचे सूर उतरवून लावायची रीत परक्याच्या कानावर पडता कामा नये, हे आमच्या हवाई बेटावरच्या हिलोत शेंबडं पोरही जाणतं. त्याने अकरावी गिटार वाजवली, लावलेले सूर कोणाला कळू नयेत म्हणून सगळ्या तारा ढिल्या केल्या आणि मगच दार उघडलं.

"ही तरी घेतोस का?"

"कळत नाही हो. आवाज जातो पुढे, माझे कान मागे. उद्या स्टुडिओत माइक समोर असणार."

"मग मी बसते समोर."

"तुम्ही परक्या."

"आणि रेकॉर्डिंग झाल्यावर अख्खा गाव ऐकेल ते?"

"मी मेल्यावर. तसं ठरलंय. रेकॉर्ड करणारा बटण दाबून अंगणात जाऊन बसणार आहे."

पालाकिकोचं कोणी उरलं नव्हतं. बायको गेली, मूल झालं नाही, आणि आईने शिकवलेली ही रीत त्याच्याबरोबरच मातीत जाणार होती. त्या एका भीतीने तो रेकॉर्डिंगला तयार झाला होता. ऐकून वाईट वाटतं, पण सकाळपासून उन्हात उभ्या असलेल्या माणसाला किती वाईट वाटणार?

"हानाई करून घे मला," मावशी वैतागून म्हणाल्या. "मग घरचीच झाले ना?"

पालाकिको विचारात पडला. दुसऱ्याचं पोर हानाई करून आपलं म्हणून वाढवणं आमच्याकडे घरोघरी चालतं. त्याला कागद लागत नाही, 'आतड्यासकट दिलं' एवढा देणाऱ्या आईबापांचा शब्द पुरतो. पण मावशींचे आईबाप जाऊन चाळीस वर्षं झाली होती. शिवाय मावशी एकोणऐंशीच्या आणि पालाकिको चौऱ्याहत्तरचा.

"द्यायचं कोणी तुम्हाला?"

"त्यांच्या वतीने मीच देते. आतड्यासकट दिली. झालं?"

"नक्की दिली?"

"दिली म्हटलं ना, बाबा!"

पालाकिकोने तिच्या कपाळाला कपाळ लावलं. गिऱ्हाइकांना पुन्हा बाहेर काढलं, लेकीला समोर बसवलं आणि अकराच्या अकरा गिटारी पहिल्यापासून वाजवल्या. तिने जन्मभर गिटारी विकल्या होत्या, वाजवली एकही नव्हती. पण कान तयार होता.

"सातवी," ती डोळे पुसत म्हणाली. "बाकीच्यांचा खर्ज घुमतो, वरच्या तारा त्यात बुडतात. हिच्यात एकेक बोट वेगळं ऐकू येतं."

"मग स्टुडिओला फोन कर. म्हणावं, उद्या येत नाही."

"अहो बाबा, दिवसभर मला उन्हात उभी करून गिटार निवडलीत, आणि आता येत नाही?"

"मूलबाळ नव्हतं म्हणून जायचं होतं," पालाकिकोने गिटार तिच्या मांडीवर ठेवली. "डावा हात इथे धर, बाळ."