आवळलेल्या बाह्या

ऋजुता वाकून बाबांच्या पाया पडली, पण डोक्यावर हात आलाच नाही. तेव्हा तिला आठवलं.

साखरपुड्याचे पाहुणे दारात आल्यावर तिने मोबाइलवरून बाबांच्या बाह्यांचं चुंबकत्व शेवटपर्यंत चढवलं होतं. सदऱ्याआड खांद्यापर्यंत घातलेल्या त्या बाह्यांमधला द्रव एरवी काकवीसारखा दाट असायचा आणि हातांचा कंप बराचसा जिरवायचा. थोडी थरथर तरीही उरायचीच. चुंबकत्व पूर्ण चढलं, की द्रवातले लोहकण रांगा धरायचे आणि बाह्या दगडासारख्या व्हायच्या. कंप पाहून ‘हे घराण्यातच आहे का?’ असं कुणी विचारेल, याची तिला धास्ती होती. बाबांना तिने विचारलंही नव्हतं.

“अच्युतराव, आशीर्वाद द्या की पोरीला,” तिची होणारी सासू हसत म्हणाली. “आत्तापासूनच रुसलात?”

बाबांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर तसेच होते.

“रुसतोय कसला. हात कापतात माझे,” ते शांतपणे म्हणाले. “तुमच्या अंगावर चहा सांडायला नको, म्हणून मीच बाह्या आवळून ठेवल्यात.”

“इश्श, सांडला असता तर सांडला असता.”

ऋजुताने वाकूनच कमरेचा मोबाइल काढला आणि चुंबकत्व शून्यावर आणलं. बाबांचा हात थरथरत तिच्या डोक्यावर आला. गजऱ्याची दोन-तीन फुलं गळून तिच्यासमोर पडली. बाबांनी हात बराच वेळ काढला नाही. काढल्यावरही तिला मान वर करवेना.