तीन वीसचा कप

"जगाचा अंत युद्धाने होणार नाही. किटलीत गरजेपेक्षा जास्त पाणी उकळत ठेवणाऱ्या माणसांमुळे होईल," असं युनिटसाहेबांनी स्वयंपाकघराच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं. ऐकायला दोघंच होती. त्यातला मेकॅनिक ड्रिलने भिंतीला भोक पाडत होता आणि मुलगी म्हणत होती, "बाबा, पाय उचला, वायर आहे खाली."

युनिटसाहेब हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. पस्तीस वर्षं वीज कंपनीत मीटर तपासले, त्याची ही कमाई. निवृत्त झाल्यावर नवराबायको या फ्लॅटमध्ये राहायला आली. फ्लॅट जुना, बरेच दिवस बंद पडलेला. तपासायला मीटर उरले नाहीत, म्हणून साहेब बायकोला तपासू लागले. ती एका कपासाठी किटली काठोकाठ भरायची. "येईल कुणीतरी," म्हणायची. येत कुणी नसे.

नवं यंत्र बिस्किटांच्या डब्याएवढं होतं. बटण दाबलं की काही सेकंदांत एक कप कढत पाणी. ना थेंब जास्त, ना वीज वाया.

"काका, आता वाट बघायचं कामच नाही," मेकॅनिक म्हणाला.

युनिटसाहेब बाहेरच्या खोलीत जाऊन बसले.

तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी अंथरुणातून बायको म्हणाली होती, "थंडी वाजतेय हो. कपभर गरम पाणी देता?"

"चारला माझा चहा होईलच. एकदमच उकळू. दोनदा कशाला?"

ती बरं म्हणाली. चार वाजता साहेबांनी दोन कप पाणी मोजून उकळलं आणि आत घेऊन गेले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या हातून एक कप पाणी जास्त उकळलं गेलं होतं.

मुलीला त्यांनी सांगितलं, झोपेत गेली. ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं.

यंत्र बसवल्याच्या चौथ्या दिवशी, बरोबर तीन वीसला, स्वयंपाकघरातून 'पिप' असा आवाज आला. साहेब आत गेले. नळीखालचा कप भरलेला, वाफ वर चाललेली. घरात दुसरं कुणी नाही. ते टॉवेल आणायला वळले आणि परत आले, तो कप रिकामा.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतःच कप विसळून नळीखाली ठेवला आणि समोर स्टूल ओढून बसले. खरं तर भीती वाटायला हवी होती. वाटली ती लाज.

"आलीस का?" त्यांनी विचारलं. पिप.

तेव्हापासून रोज दुपारी साहेब बोलत. दिवस कसा गेला, गुडघा किती दुखला, शेजारणीने काय विचारलं. हयातीत तिच्याशी एवढं बोलले असते, तर तिने डॉक्टरला बोलावलं असतं.

काही गोष्टी खटकल्या, नाही असं नाही. ती पाणी कोमट प्यायची, इथे मात्र यंत्राचा आकडा रोज पंचाण्णववर. साहेबांना वाटलं, तिकडे गारठा असेल. तिने जन्मात वर्तमानपत्राला हात लावला नव्हता, आता टेबलावर ते खेळाच्या पानावर उघडं सापडे. चला, उशिरा का होईना. आणि ती काडीसारखी असूनही समोरची खुर्ची कुरकुरायची. अंगी लागलंय तिला तिकडचं, साहेब म्हणाले, आणि त्यांना जरा बरंही वाटलं.

महिनाभराने एका रविवारी मुलगी आली. तिने साहेबांना रिकाम्या खुर्चीशी गप्पा मारताना दारातूनच ऐकलं आणि सोमवारी मेकॅनिकला घेऊन आली.

मेकॅनिकने यंत्र उघडलं, मिटलं. "खोट काही नाही ताई. कुणीतरी बटण दाबतंय एवढंच."

"उद्या हे परत न्या," मुलगी म्हणाली. "आणि बाबा, तुम्ही माझ्याकडे राहायला चला. हट्ट नको."

"उद्या संध्याकाळी न्या," साहेब म्हणाले. "दुपार तेवढी द्या मला."

दुसऱ्या दिवशी तीन वीसला पिप झालं. महिनाभर सगळं बोलून झालं होतं. जे बोलायचं होतं तेवढंच राहिलं होतं.

"चाळीस मिनिटं थांबवलं मी तुला," साहेब म्हणाले. "एवढीशी वीज वाचावी म्हणून. तू दुसऱ्यांदा मागितलंही नाहीस. रागावली असतीस तर बरं झालं असतं." त्यांनी रिकामा कप पुन्हा नळीखाली ठेवला. "आता यंत्र चाललंय, मीही चाललोय. माफ केलं असशील, तर आणखी एक कप घे."

फ्रिज थरथरून गप्प झाला.

पिप.

युनिटसाहेब सदऱ्याच्या बाहीत तोंड खुपसून रडले. चार महिन्यांचं एकदम.

समोरच्या खुर्चीवर कुणीतरी घसा खाकरला.

"अहो, रडू नका," एक भरड पुरुषी आवाज म्हणाला. "तुम्ही आग्रह करताय असं वाटलं, म्हणून घेतला."

साहेबांनी बाही खाली केली. खुर्ची रिकामीच होती. "कोण तुम्ही?"

"तुमच्या आधी इथेच राहायचो. बावीस वर्षं, रोज तीन वीसला माझा चहा. गेलोही इथेच."

"आणि ती?"

"बाई? त्या कुठे थांबल्या." आवाज जरा ओशाळला. "त्याच दुपारी निघाल्या, चारच्या आतच. मी म्हटलं, बसा घटकाभर. तर म्हणाल्या, आता अजून वाट नाही बघायची."

कपातून वाफ येत राहिली. खुर्ची कुरकुरली.

"बरं, निघण्याआधी एक काम कराल? तो चहापत्तीचा डबा वरच्या फळीवर आहे, माझा हात पोचत नाही. तेवढा खाली काढून ठेवा."